चातुर्मासातला लसूण

माझ्या आजाराचे पहिले निदान माझ्या आईने केले आणि ते चुकीचे होते. तिच्या मते मी चातुर्मासात बाहेर कुठेतरी लसूण खाऊन आले होते आणि वर खोटे बोलत होते.

हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. त्या वेळी आमच्या घरात कोणालाही हसू आले नव्हते. पुढे अनेकांनी विचारले की, तुझ्यासारख्या मुलीला आपल्याला काय झाले आहे हे कळायला इतका वेळ कसा लागला. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. ज्यांच्या घरातले कोणी भट्टीपाशी, धातूंच्या वाफांजवळ काम करते त्यांना याचा उपयोग व्हावा. जे स्वतः ते काम करतात त्यांना तर व्हावाच.

आमचे घर सिडकोत. पणजोबा गावजोशी, आजोबा तहसील कचेरीत कारकून, बाबा बँकेतून निवृत्त. तीन पिढ्यांत पौरोहित्य गेले, सोवळे गेले, संध्या गेली. चातुर्मास तेवढा राहिला, कारण तो आईच्या ताब्यात होता. कांदेनवमीला भजी, भरीत, लसणाची चटणी असे सगळे मनसोक्त खाऊन झाले की कांदा, लसूण आणि वांगी कार्तिकी एकादशीपर्यंत उंबऱ्याबाहेर. माझा या नियमावर विश्वास नाही. पण मी त्यावर कधी वाद घातला नाही. डबा आईच करत होती आणि माझी वाद घालण्याची सगळी शक्ती संशोधनात खर्च होत होती.

काळा स्फटिक

मी कॅडमियम टेल्युराइड तयार करत असे. हा एक अर्धवाहक आहे. दिसायला काळसर, ठिसूळ, फोडला तर चकाकणारा. सूर्याचा प्रकाश तो इतक्या उत्तम रीतीने शोषतो की केसाच्या जाडीच्या काही अंश एवढा पातळ थरही विजेसाठी पुरतो. त्याच कामाला सिलिकॉन बराच जाड लागतो. स्वस्त, पातळ, टिकाऊ सौरपट्ट्या हे माझे स्वप्न होते आणि ते पुरे करण्याची मला घाई होती. माझ्या बरोबरीच्या मुली परदेशी गेल्या होत्या. मला इथूनच असे काही करून दाखवायचे होते की त्यांनी माझे शोधनिबंध वाचावेत.

नातेवाईक विचारत, कॅडमियम विषारी ना गं? माझे उत्तर तयार असे. सोडियम पाण्यात टाकले तर पेट घेते आणि क्लोरीन हुंगले तर फुप्फुस जाळते, तरी दोघांचे मीठ आपण रोज खातो. तसेच हे. तयार झालेले संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, हवेत शांत पडून राहते. उत्तर बरोबर होते. ते फक्त तयार झालेल्या संयुगाबद्दल होते. तयार होताना काय घडते, हे मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

तयार करण्याची रीत अशी: कॅडमियम आणि टेल्युरियम ठरावीक प्रमाणात तोलून क्वार्ट्झच्या नळीत भरायचे, नळीतली हवा काढून घ्यायची, ज्योतीवर तिचे तोंड वितळवून बंद करायचे आणि मग ती भट्टीत ठेवून अतिशय सावकाश तापवायची. सावकाश यासाठी की दोघे एकत्र येताना स्वतःची उष्णता सोडतात आणि कॅडमियमची वाफ आतून रेटा देते. नळी तडकली, तर दोन्ही मूलद्रव्ये वाफेच्या रूपात तुमच्या खोलीत येतात.

नळी तडकली

आमच्या भट्टीवर धूर ओढून घेणारी एक रुंद नळी आहे. तिचे तोंड गच्चीवर उघडते. पावसाळ्यात तिथून आलेले पाणी भट्टीवर ठिबकत असे आणि गरम भट्टीवर पाणी म्हणजे वेगळेच संकट. म्हणून दर वर्षी मृगाच्या आसपास त्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद सुतळीने बांधला जाई आणि दसऱ्याच्या सुमारास सोडला जाई. आतला पंखा मात्र नियमानुसार चालू ठेवला जाई. त्याचा आवाज येई, दिवा हिरवा दिसे, हवा कुठेच जात नसे. ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. मार्गदर्शक मॅडमच्या आधीच्या काळापासून ती चालत आली होती. क्वार्ट्झची नळी सीलबंद असताना धूर येणार कुठून, हा त्यामागचा विचार, आणि तो चांगल्या दिवशी बरोबर ठरत असे.

त्या दुपारी पाऊस होता. माझ्यासोबत त्याच खोलीत काम करणारी सबा ग्रंथालयात गेली होती. मला काहीही फुटल्याचा आवाज आला नाही. भट्टीच्या तोंडाशी तपकिरी धुराची एक बारीक रेघ दिसली, नंतर ती जाड झाली. मी भट्टी बंद केली, खिडक्या उघडल्या, तोंडावर साधा कापडी मास्क लावला आणि शेजारच्या भट्टीतली दुसरी नळी सुरक्षित करेपर्यंत आतच थांबले. मग बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

काहीही झाले नाही. खोकला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी डबा खाल्ला, सबाला त्या खोलीत जाऊ नकोस म्हणून फोन केला, मॅडमना कळवले आणि स्कूटरवरून घरी आले. या विषाचा सर्वांत फसवा गुण हाच आहे. ते तुम्हाला घरी जाऊ देते.

वास

संध्याकाळी तोंडात नाणे चघळल्यासारखी चव आली. मग थंडी वाजली, सांधे दुखू लागले. आमच्या इमारतीत तेव्हा दोन घरांत डेंग्यू होता, त्यामुळे घरात कोणाला नवल वाटले नाही. आई हळदीचे दूध घेऊन आली, कपाळाला हात लावायला वाकली आणि तशीच मागे सरली.

"लसूण खाल्लायस तू."

मी नाही म्हणाले.

"मला वास येतोय, अनघा."

"डबा तूच दिला होतास ना सकाळी?"

"डबा मी देते. तो तू खातेस की कुत्र्याला घालतेस, हे मला काय माहीत?" ती दूध ठेवून उभी राहिली. "खायचं तर खा बाई. कुणी बांधून ठेवलंय? पण आजारी पडून पुन्हा खोटं कशाला?"

मी उठून दात घासले, वेलची चघळली. सकाळी तिने दारातूनच सांगितले की वास आहे तसाच आहे. बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर न करता माझी बाजू घेतली. आजकाल सगळी मुलं खातात, म्हणाले, तू एवढं काय धरून बसलीस. म्हणजे त्यांनीही मला दोषी ठरवूनच माफ केले होते. मला स्वतःला कसलाच वास येत नव्हता. स्वतःचा श्वास स्वतःच्या नाकाला कळत नाही, ही साधी गोष्ट आहे. पण ताप चढलेल्या माणसाला ती अन्यायासारखी वाटते. त्या दिवशी आई माझ्याशी औषधापुरतेच बोलली.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, तापाच्या गोळ्या दिल्या, डेंग्यूची तपासणी करून घ्या म्हणाले. मी त्यांना आदल्या दिवशीच्या धुराबद्दल ओझरते सांगितले. धूर लागला असता तर तेव्हाच खोकला आला असता, असे ते म्हणाले आणि मला ते पटले. डेंग्यू निघाला नाही. पुढच्या सकाळी मला बेसिनपासून पलंगापर्यंत येताना मध्ये खुर्चीवर बसावे लागले.

निदानाचा दिवस

रुग्णालयात आल्याबरोबर ऑक्सिजन लावला. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर कापूस पसरल्यासारखे पांढरे ठिपके होते. छातीचे डॉक्टर पन्नाशीतले, शांत, भराभर प्रश्न विचारणारे होते. काय करता? भौतिकशास्त्रात संशोधन, असे बाबांनी सांगितले आणि डॉक्टर मला विद्यार्थिनी समजून पुढे गेले. प्रवास केला का, घरात कोणी आजारी आहे का, बाहेर काही खाल्ले का.

या शेवटच्या प्रश्नाची आई वाटच पाहत होती. "खाल्लंय ना, डॉक्टर. लसणाचं काहीतरी खाल्लंय आणि आम्हाला सांगत नाहीये. दात घासून घासून हिरड्या सोलल्या, तरी वास हटत नाही. आमच्याकडे चातुर्मासात घरात लसूण नसतो, म्हणून मला लगेच कळतो."

डॉक्टर हसले. लसणाने न्यूमोनिया होत नाही, काकू, असे काहीसे म्हणाले.

मी मास्कच्या आत होते आणि मला फक्त एवढेच ऐकू आले की दात घासूनही वास हटत नाही. टेल्युरियमवर काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगितली जाते आणि प्रत्येक जण ती ऐकून हसतो. शरीरात गेलेल्या टेल्युरियमचे शरीर एका वायूत रूपांतर करते. तो वायू श्वासातून, घामातून बाहेर पडत राहतो, कधी कधी आठवडेच्या आठवडे, आणि त्याचा वास थेट लसणासारखा असतो. मी हसले होते. पहिल्या वर्षी सबाला हीच गोष्ट सांगून तिलाही हसवले होते.

मी मास्क बाजूला केला. "डॉक्टर, तो लसूण नाही. टेल्युरियम आहे."

त्यानंतरची दहा-पंधरा वाक्ये मी श्वास घेत घेत, पण नीट क्रमाने सांगितली. नळी, तडा, तपकिरी धूर, गच्चीवर तोंड बांधलेली धुराची नळी. डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी विचारले, नळीत दुसरे काय होते?

इथे मला भीती वाटली. त्या क्षणापर्यंत मी एक कोडे सोडवत होते. टेल्युरियम आत गेले असेल तर कॅडमियमही गेलेच होते, दोघे एकाच नळीत होते. त्यातले एक वासाने ओरडून सांगत होते आणि दुसरे गप्प बसून फुप्फुसाला आतून भाजत होते.

मी खरे बोलत होते एवढे त्या खोलीत सिद्ध झाले. त्याचा आनंद कोणालाच झाला नाही. आई माझ्या पायाशी उभी होती. तिने फक्त विचारले की, मग हे कॅडमियम काढता येतं ना?

पलंगावरून

काढता येत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या शहरातल्या विषबाधेच्या तज्ज्ञांना फोन लावला आणि परत येऊन जे सांगितले ते त्यांनी अजिबात गोड केले नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. यावर उतारा नाही. ऑक्सिजन द्यायचा, सूज उतरवण्यासाठी स्टेरॉइड द्यायचे आणि वाट पाहायची. पुढच्या एक-दोन दिवसांत फुप्फुसे पाण्याने भरू शकतात. नाही भरली, तर ती बहुतेक सावरतील.

मोजणे हा माझा स्वभाव आहे आणि रुग्णालयाने माझ्या हाताशी मोजायला एक आकडा दिला. बोटाला लावलेला चिमटा आणि त्याच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा. मी जेवताना त्याकडे बघे, आई बोलत असताना त्याच्याकडे बघे, तो एकाने खाली आला की श्वास रोखून धरी आणि त्यामुळे तो आणखी खाली येई. भीतीचा आणि आकड्याचा हा संबंध मला समजत होता. समजून काही फरक पडत नव्हता.

शेजारच्या पलंगावर पाचोडच्या कौसाबाई होत्या. दमेकरी, साठीच्या, आवाज रानात मेंढरांना हाक मारायला घडलेला. त्यांच्या घरच्यांनी मेंढरे बरीचशी विकली होती आणि आता कापूस वेचायला जात. पहिल्याच दिवशी त्यांनी आईला विचारून माझी सगळी माहिती काढली.

"कंच्या कंपनीत व्हती पोरगी?"

कंपनीत नाही, शिकते अजून, असे आईने सांगितले.

"शिकायला गेली अन् इख खाऊन आली व्हय?" कौसाबाई माझ्याकडे वळल्या. "लई शिकलीस गं माय."

मला राग यायला हवा होता. हसू आले आणि त्याने खोकल्याची उबळ आली आणि आकडा तिनाने उतरला. परिचारिका धावत आली. कौसाबाई पदर तोंडाला लावून बसल्या. मग तासाभराने म्हणाल्या, "त्या डबड्याकडं सारखी बघू नको. तू बघितल्यानं ते काय वाढायचं नाय." परिचारिकेला हे पटले असावे. तिने आकड्याचा पडदा माझ्या डोक्यामागे फिरवून ठेवला. त्या दुपारी मी पहिल्यांदा झोपले.

त्या वॉर्डात माझ्या वासाचा ज्यांना त्रास झाला नाही त्या एकट्या कौसाबाई. बाकीच्या रुग्णांचे नातेवाईक माझ्या पलंगाजवळून नाक वळवून जात. परिचारिकाही मास्क चढवून येत. कौसाबाई म्हणत, तुझ्या वासानं मला तर भूकच लागती, आणि सुनेला ठेचा आणायला सांगत. तो त्यांना कोणी देत नसे.

आईची चाचणी

आईने माझी क्षमा मागितली नाही आणि मी तशी अपेक्षाही केली नाही. तिने एक वेगळीच गोष्ट सुरू केली. रोज सकाळी ती माझा मास्क क्षणभर बाजूला करून चेहऱ्याजवळ चेहरा आणी, श्वास घेई आणि निकाल सांगे. कालच्याइतकाच आहे. आज जरा कमी. आज पुन्हा वाढलाय, रात्री काय झालं होतं? डॉक्टरही हळूहळू तिलाच विचारू लागले. त्यांच्याकडे यासाठी दुसरे यंत्र नव्हते.

वास कमी होत गेला तशी ती मोकळी होत गेली. घरून भाकरी आणू लागली, कौसाबाईंशी बोलू लागली. आणि माझी भीती वाढत गेली. कारण वास टेल्युरियमचा होता. टेल्युरियम निघून चालले होते. कॅडमियम कुठेही जात नव्हते. तिच्या नाकाला जे कळत होते त्याचा आता माझ्या आजाराशी काही संबंध उरला नव्हता आणि हे तिला सांगायचे धैर्य मला होत नव्हते.

ते काम डॉक्टरांनी केले. फुप्फुसे भरली नाहीत. एक्स-रेवरचा कापूस विरळ झाला. चिमटा निघाला. सगळे चांगले चालले असताना ते रक्ताच्या आणि लघवीच्या तपासणीचे निकाल घेऊन आले आणि मला विचारले की हे काम मी किती वर्षे करत आहे. त्या एका दुपारच्या धुराने कॅडमियम इतके वाढत नाही, म्हणाले. आधीचेही आहे. पावसाळ्यांतले, असे मी मनात म्हणाले.

कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते आणि तिथून अर्धे निघायलाही दशके लागतात. ते तिथे शांत पडून राहू शकते, किंवा गाळणी झिजवू शकते. झिजू लागली की आधी बारीक प्रथिने लघवीतून गळतात. एका मर्यादेपलीकडे गेलेले नुकसान भरून येत नाही. माझी प्रथिने मर्यादेच्या किंचित वर होती. हे आजारपणामुळे तात्पुरते असेल, किंवा ती सुरुवात असेल. काही महिन्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

ही मर्यादा कोणत्या आधारावर ठरवली आहे, असे मी विचारले. आई बाहेर जाऊन उभी राहिली.

घरातला डेंग्यू

घरी आल्यावर मला कळले की मला डेंग्यू झाला होता. बाबांनी फोन करणाऱ्या प्रत्येकाला तसे सांगितले होते. आत्याने सुचवले होते, कारण पुण्याहून एक स्थळ येऊन थांबले होते आणि मूत्रपिंड हा शब्द अशा वेळी बरा नसतो.

मी चिडले. "बाबा, डेंग्यू बरा होतो."

"म्हणूनच सांगतोय," ते म्हणाले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ते लोकांशी खोटे बोलत होते हे खरे, पण त्यांना स्वतःलाही कोणीतरी तेच सांगायला हवे होते. तरीही मी त्या दिवसापासून येणारा प्रत्येक फोन स्वतः घेतला आणि जे झाले ते सांगितले. स्थळाने फार सभ्यपणे कळवले की ते सध्या घाईत नाहीत. आत्या आमच्याशी महिनाभर बोलली नाही.

बाबांचे म्हणणे होते की संशोधन सोड. बँकेच्या परीक्षा दे, शाळेत शिकव. त्यांच्याशी झालेल्या त्या वादांत मी जे मुद्दे मांडले ते तर्काला धरून होते. सोडल्याने मूत्रपिंडातले कॅडमियम कमी होणार नाही, हा त्यातला सर्वांत बळकट आणि सर्वांत क्रूर मुद्दा. तो मी एकदाच मांडला. बाबांनी ताट बाजूला सारले आणि उठून गेले.

मॅडम भेटायला आल्या. गच्चीवरचा कागद त्यांनी त्याच आठवड्यात स्वतः उभे राहून काढून घेतला होता. भट्टी बंद होती. त्या माझ्या तब्येतीबद्दल बोलल्या, मग प्रबंधाबद्दल बोलल्या. माझ्यासाठी त्यांनी तोडगा काढला होता: नमुने सबा तयार करेल, मोजमाप मी करायचे. त्यात त्यांचा हेतू वाईट नव्हता. मी विचारले, धुराची नळी हवा खरोखर ओढते का, हे कोणी तपासले आहे? तपासायचे आहे, म्हणाल्या. मी म्हणाले, तोवर सबाने भट्टी पेटवायची नाही, मग माझा प्रबंध कितीही लांबो. त्यांनी मान हलवली. निघताना मी विचारले की त्यांनी स्वतःची तपासणी केली का. वीस वर्षे त्या त्याच खोलीत होत्या.

"बघू गं. परीक्षा संपल्या की करते," त्या म्हणाल्या आणि चपला घालायला वाकल्या. त्या बराच वेळ वाकून राहिल्या.

सबानेही रक्त-लघवीची तपासणी करून घेतली होती, तिचा निकाल चांगला आला. ती तो सांगायला घरी आली आणि सोफ्याच्या कडेला बसून रडली. "नॉर्मल आलं यार माझं. पण खुशी बी होईना." मी तिला म्हणाले की मला होतेय, आणि ते पूर्ण खरे होते. त्या काळात पूर्ण खरे असे फार थोडे होते.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

मला जे आधी कोणी सांगायला हवे होते ते लिहिते. डॉक्टरांना हुद्दा सांगू नका, हातांनी काय करता ते सांगा. धूर लागल्यावर लगेच काही झाले नाही, याचा अर्थ काही होणार नाही असा नाही. त्या दिवशी घरी न जाता थेट रुग्णालयात जा. पंखा चालू आहे म्हणजे हवा जाते आहे असे समजू नका, त्याच्यापुढे उदबत्ती धरून पाहा. आणि घरातल्या माणसाला तुमच्यात काही वेगळे जाणवले, तर त्याचे कारण चुकीचे असेल तरी जाणीव चुकीची असेलच असे नाही. या शेवटच्या गोष्टीला मला सर्वांत जास्त वेळ लागला.

भीतीबद्दल मात्र मी कोणाला सल्ला देऊ शकत नाही. त्या महिन्यांत मी रोज सकाळी घोटे दाबून सूज पाहत असे. ग्लासभर पाणी कमी प्यायले तरी दिवस वाईट जाई. कंबर दुखली की मी मूत्रपिंडांच्या दुखण्याबद्दल सगळे वाचून काढत असे आणि ती खुर्चीमुळे दुखते आहे हे मला आधीपासून माहीत असे. माहीत असणे आणि धीर येणे या दोन गोष्टी मी आयुष्यभर एकच समजत आले होते.

निकाल

दुसऱ्या तपासणीचा निकाल घ्यायला मी एकटी जाणार होते. आई न सांगता तयार होऊन दाराशी उभी होती. बाबा घरीच थांबले. त्यांनी टीव्ही लावला होता, आवाज बंद करून.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरबाई तरुण होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी कागद पाहिला, आधीचा कागद पाहिला, दोन्ही शेजारी ठेवले. आई पंख्याकडे बघत बसली होती.

प्रथिने मर्यादेच्या आत आली होती. गळती थांबली होती. निदान आत्ता थांबली होती. कॅडमियम होते तिथेच होते, थोडेसे कमी. यापुढे कधीही त्या धुराजवळ जायचे नाही, वेदनाशामक गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, दर वर्षी तपासणी करायची. मी विचारले की पुढे दहा वर्षांत गळती सुरू होण्याची शक्यता किती. त्यांनी सांगता येत नाही म्हटले. मी विचारले की सांगता येत नाही म्हणजे माहिती नाही, की माहिती आहे पण माझ्यासारख्यांबद्दल नाही. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या की दुसरे. मी विचारले की मूल होऊ द्यायचे ठरवले तर. त्याचे उत्तर लांब होते आणि त्यात दोन वेळा बहुतेक हा शब्द होता. मी पुढचा प्रश्न काढत होते, तेव्हा आईने पहिल्यांदा तोंड उघडले.

"म्हणजे ही बरी आहे ना?"

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडे पाहिले. माझ्यासमोर त्यांना ते वाक्य सोपे करता येईना, हे मला दिसत होते.

"आज बरी आहे, काकू."

"मी आजचंच विचारलं," आई म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली, उठली आणि मी अजून बसलेलीच आहे हे पाहून थांबली. "चल. उरलेलं पुढच्या वर्षी विचार. यायचंच आहे आपल्याला."